दारातला धोटा

त्या मंगळवारी सव्वादहा वाजले आणि अक्का आल्या नाहीत, तेव्हा मला काळजी वाटली नाही, राग आला. खोटं कशाला सांगू? बाहेर बाकांवर बायका बसलेल्या, वजनकाट्यापुढं रांग, आणि आत मी एकटी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी अक्का मंगळवार-शुक्रवार दवाखान्यात यायच्या, आणि दहा म्हणजे दहाला यायच्या. मलाच पाच मिनिटं उशीर झाला तर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत, ‘बार्शीची एसटी आली वाटतं,’ असं सगळ्यांदेखत म्हणायच्या. मी मूळची बार्शीची खरी, पण सोलापुरात राहायला येऊन मला पंधरा वर्षं झालीत. त्यांच्या लेखी मी अजून एसटीतच होते. म्हटलं, आज येऊ द्या, आज माझी पाळी. काय टोमणा मारायचा तोही ठरवून ठेवला. साडेदहाला फोन वाजला. त्यांचे धाकटे भाऊ नरसय्या बोलत होते. सकाळी दारात सडा टाकून अक्का पायरीवर बसल्या होत्या, आणि बसल्या त्या तशाच... मी फोन खाली ठेवला. काट्यावर उभी असलेली बाई विचारत होती, किती भरलं ओ मॅडम. मी आकडा वाचला, तिला सांगितला, वहीत लिहिला. रडू त्यानंतर आलं.

याला आता सहा आठवडे झाले. अक्कांवर लिहायला बसले की माझी पंचाईत होते. हुंदका येतो, नाही असं नाही, पण त्याच्या आधी घाई सुटते. कधी एकदा सांगते असं होतं. त्या स्वतः तशाच होत्या ना... जिना चढताना बोलायला सुरुवात करायच्या, खोलीत पोचेपर्यंत निम्मं बोलणं झालेलं असायचं, आणि ‘आलं का ध्यानात?’ असं आपल्यालाच दरडावायच्या. नाव अनसूया. सोलापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात कुटुंब नियोजनाच्या खोलीतल्या सिस्टर. विणकरांचं घर, घरची भाषा तेलुगू. बायकांशी मराठी बोलायच्या, मुसलमान बायका आल्या की दखनी, अक्कलकोटकडची कुणी आली की कामापुरतं कानडी. भांडायच्या मात्र कुठल्याही भाषेत. पेन मागून न्यायच्या ते परत द्यायच्या नाहीत. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यांची खोली सहा नंबर, माझी सात. माझ्याकडं एचआयव्हीची तपासणी, सल्ला, आणि ज्यांना लागण झालीय त्यांच्या गोळ्या नीट चालल्यात का हे बघायचं काम. दोन खोल्यांमध्ये एकच भिंत. पण सातातून सहात जायचं तर व्हरांडा संपेपर्यंत चालायचं, केसपेपरच्या रांगेला वळसा घालायचा, औषधाच्या खिडकीवरून पुढं जायचं, पाण्याची टाकी ओलांडायची आणि पलीकडच्या अंगानं आत शिरायचं. माझ्याकडच्या बाईला पाळणा लांबवायचा असेल, तांबी बसवून घ्यायची असेल, तर मी तिच्या हातात चिठ्ठी द्यायचे. चिठ्ठीवर माझ्या खोलीचा शिक्का. शिक्क्यावर काय लिहिलेलं असतं ते दवाखान्यातल्या शिपायापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ. मी वहीत ‘पाठवले’ असं लिहायची आणि माझं काम झालं असं समजायची. चार वर्षं मी असं समजत होते.

एक दिवस अक्का तरातरा माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी टेबलावर मूठभर चुरगळलेल्या चिठ्ठ्या टाकल्या. काही भिजून वाळलेल्या, काहींचे चार तुकडे केलेले. सगळ्यांवर माझा शिक्का, माझंच अक्षर. पाण्याच्या टाकीमागं मोटार बघायला गेलेल्या माणसाला सापडल्या होत्या. अक्कांनी एवढंच विचारलं, “या बायका तू माझ्याकडं पाठीवल्यास, का टाकीकडं?”

मला इतकी लाज वाटली की मी आधी भांडलेच. म्हटलं, बायकांनीच टाकल्या, त्याला मी काय करू. अक्का खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक चिठ्ठी सरळ करायला लागल्या. बाई शिक्का झाकत टाकीपर्यंत येते, समोर बाकावर गावातली कुणीतरी दिसते, आणि चिठ्ठी टाकून ती तशीच एसटी स्टँडचा रस्ता धरते. नंतर काही महिन्यांनी नको असलेला गर्भ घेऊन येते, नाहीतर येतच नाही. हे त्या बोलत होत्या आणि बोलता बोलता त्यांचे डोळे माझ्या मागच्या लोखंडी कपाटावर खिळले. उठल्या. कपाटाच्या मागं हात घातला. “अगं, हितं दार हाय की,” म्हणाल्या. शिकाऊ नर्स असताना त्या दारातून त्यांनी ट्रे नेले होते.

त्या शनिवारी दुपारी, ओपीडी आटोपल्यावर आम्ही ते कपाट हलवायचं ठरवलं. मोठ्या डॉक्टरांची तोंडी परवानगी अक्कांनी आणली होती, पण शिपाईमामा म्हणाले लेखी पाहिजे, कपाट या विभागाचं का त्या विभागाचं तेच ठरलेलं नाही. अक्कांनी त्यांना चहा पाजला. चहा पिऊन मामा स्वतःच कपाटाला खांदा लावायला आले. तिघांनी मिळून रेटलं, कपाट किंचाळत सरकलं, आणि मागं हिरव्या रंगाचं दार निघालं. रंगावर रंग बसून फटी बुजलेल्या. अक्कांनी कात्रीच्या टोकानं चारी बाजूंनी रंग कापला, पदर खोचला आणि कमरेनं असा काही धक्का दिला की दार एकदम उघडून त्या सरळ स्वतःच्या खोलीतल्या तपासणीच्या टेबलावर आपटल्या. कोपराला खरचटलं. तसल्या अवस्थेत त्या पलीकडून मला हात हलवत होत्या आणि मी अलीकडून हसत होते. चार पावलं! सातातून सहात चार पावलं होती.

दाराची एक खोड मात्र निघाली. चौकट एका अंगाला खचलेली असल्यामुळं ते सोडलं की आपोआप मिटायचं. सोमवारी अक्कांनी घरून पिशवीतून एक धोटा आणला. मागावर सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना निमुळता, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. त्यांच्या वडिलांचा होता. हातमाग कधीच मोडीत निघाला होता, धोटा तेवढा राहिला होता. त्यांनी त्याचं टोक दाराखाली सारलं, पायानं ठोकलं, आणि दार जागच्या जागी थांबलं.

आता या पुढचा आमचा शहाणपणा ऐका. दार उघडल्याचा आनंद इतका झाला होता की आम्ही दोघींनी वर्गणी काढून पेंटरकडून पाटी रंगवून घेतली. निळ्या अक्षरात ‘एचआयव्ही सेवा व कुटुंब नियोजन, दोन्ही एकाच ठिकाणी’. सहा नंबरच्या व्हरांड्याकडच्या दारावर ठोकली आणि लांब उभ्या राहून कौतुकानं बघितली. दुसऱ्या दिवशी सहा नंबरला बाई फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी दोघी आल्या, पाटी वाचली आणि परत फिरल्या. तांबीसाठी आलेली कोण कशाला त्या पाटीखालून जाईल? आणि गोळ्यांसाठी येणारी तर मुळीच जाणार नाही. एकेकीला झाकून न्यायचं म्हणून दार फोडलं, आणि वर दवंडी पिटवून बसलो. चौथ्या दिवशी अक्कांनी पाटी उतरवली, उलटी करून स्टुलावर मांडली आणि त्यावर चहाचे कप ठेवायला सुरुवात केली. अजून ती तिथंच आहे, खालच्या बाजूला निळी अक्षरं.

युक्ती त्यांना सुचली ती वजनकाट्याची. एके सकाळी आले तर त्यांच्या खोलीतला वजनकाटा माझ्या खोलीत, खिडकीखाली. मी विचारलं तर म्हणाल्या, आपल्याकडं येणाऱ्या प्रत्येक बाईचं वजन करायचं का नाही? करायचं. मग प्रत्येकीला दारातून इकडं यायला लागेल. आणि रक्तदाब माझ्याकडं, म्हणजे तुझ्याकडच्या बाईला तिकडं जायला लागेल. सगळ्याच बाया इकडून तिकडं फिरायला लागल्या की कोण कशाला आलंय हे कुणाच्या बापाला कळणार न्हाय! इतकं सोपं! तांबीला आलेली बाई वजनाला माझ्याकडं येई, तेवढ्यात मी तिला तपासणीबद्दल सांगे, पटलं तर रक्त देई. माझ्याकडची बाई रक्तदाबाला पलीकडं जाई, आणि पडद्यामागं अक्का तिच्याशी बोलत. निरोध दोन्हीकडं ठेवलेले. पाठवले, परत पाठवले, हे लिहिणंच बंद झालं. ते दिवस कसे गेले सांगू... आम्हाला जेवायची आठवण राहत नव्हती. दार दिवसभर उघडं आणि त्यातून बायका नुसत्या वाहत होत्या.

अक्का प्रत्येकीला पहिला प्रश्न एकच विचारायच्या. मूल पाहिजे का नको? आणि लगेच पुढं, दोन्ही उत्तरं चालतात. मला वाटायचं, असतो एकेकाचा तोंडात बसलेला शब्द. माझी ही समजूत एका शुक्रवारी मोडली.

होटगीच्या बाजूच्या एका गावातून रेणुका नावाची मुलगी आली होती. नाव बदललंय, गावही सांगत नाही. नवऱ्यालाही लागण, दोघंही माझ्याकडं गोळ्या घ्यायचे, अगदी वेळेवर. लग्नाला तीन वर्षं, मूल नाही. त्या दिवशी सासू तिला ऑपरेशनला घेऊन आली होती, कायमचं बंद करायला. सासू वाईट नव्हती, घाबरलेली होती. डोळे पुसत सांगत होती, “आमी दोगास्नी सांभाळतोय की. तिसरं आजारी लेकरू कुटं घिऊन जाऊ?” आणि तिच्या हातात कागद होता. मागच्या भेटीत मीच लिहिलेला. ‘ऑपरेशनचा सल्ला दिला.’ तेव्हा माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक बायकांच्या कागदावर मी हे वाक्य लिहायची, सुवाच्य अक्षरात.

सही करायला अक्कांनी पेन पुढं केलं नाही. रेणुकाला त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. उत्तर सासूनं दिलं. अक्कांनी पुन्हा विचारलं, पुन्हा सासूच बोलली. तेव्हा अक्का एकदम गोड आवाजात म्हणाल्या की, मावशी, तुमचं वजन करायचं राहिलंय, हितं आलेल्या सगळ्यांचं करतात, जा बघू पलीकडं. मावशी दारातून माझ्याकडं आल्या. अक्कांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी त्यांचं वजन दोनदा केलं, उंची मोजली, गुडघे दुखतात का विचारलं. दारातून मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. अक्कांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग रेणुकाचा आवाज आला.

“असं मला कुनी इचारलंच न्हाय.”

“मी विचारते की.”

“...पायजे. लई पायजे.”

अक्का कागद घेऊन दारात आल्या. आवाज खाली होता, पण तसा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. “तू हिला विचारलं होतंस?” मी मान हलवली, नाही. त्यांनी माझ्या वाक्यावर बोट ठेवलं. “मग हे उत्तर कुणाचं?” एवढंच. नंतर आयुष्यात कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मी मात्र रोज काढते, स्वतःशी.

ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. मोठे डॉक्टर आले, सासूला बसवून अक्कांनी आणि त्यांनी तासभर समजावलं. रक्तातला विषाणू किती उरलाय हे मोजता येतं, गोळ्या नीट घेतल्या तर तो सापडेनासा होतो, तसं झालं की बाळाला लागण होण्याचा धोका फार कमी होतो, आणि बाळाला जन्मल्यापासून औषधाचे थेंब देतात. पण शून्य होतो असं डॉक्टर म्हणाले नाहीत, अक्कांनी म्हणू दिलं नसतं. तोवर निरोध, घाई नाही. सासू शेवटी म्हणाली, “आक्का, तुमी हाय न्हवं मागं?” अक्का म्हणाल्या, हाय. सासूनं तो कागद घेतला, त्याची घडी केली आणि मलाच परत दिला.

दोघांचे अहवाल चांगले यायला सात-आठ महिने लागले. मग दिवस राहिले. रेणुका रक्तदाबाला सहात, वजनाला सातात, वजन एक किलोनं वाढलं तरी अक्का पलीकडून मोठ्यानं विचारायच्या, किती? मुलगी झाली. सहा आठवडे थेंब. पहिली तपासणी चांगली आली, दुसरी चांगली, पण शेवटची दीड वर्षानं असते आणि तीच खरी. ते दीड वर्ष कसं काढलं म्हणून विचारू नका. मधे अक्का निवृत्तही झाल्या. निरोप समारंभात शाल-नारळ घेतला आणि पुढच्या मंगळवारी दहाला हजर.

शेवटचा अहवाल आला त्या दिवशी मी अक्कांना फोन केला तर त्या तशाच रिक्षा करून आल्या. अहवाल तीनदा वाचला. लागण नाही. मुलीला उचलून वजनकाट्यावर उभी केली, उतरवली, पुन्हा उभी केली. ती खदाखदा हसत होती, सासू रडत होती, रेणुका अक्कांचा हात सोडत नव्हती. आता हा आनंद सांगायचा कुणाला? सांगता येत नाही, आमच्या कामात तीच तर अडचण. अक्का बाहेर गेल्या आणि शेंगापोळ्यांचा मोठा पुडा घेऊन आल्या. बाकांवरच्या सगळ्या बायकांना, शिपायांना, औषधाच्या खिडकीत, सगळीकडं वाटल्या. कशाबद्दल म्हणून विचारलं की म्हणायच्या, माझा वाढदिवस हाय. त्यानंतर असा चांगला शेवटचा अहवाल कुठल्याही बाळाचा आला की अक्कांचा वाढदिवस असायचा. एका वर्षात त्यांचे चार वाढदिवस झाले. दवाखान्यातले लोक म्हणायचे, सिस्टरांना निवृत्तीनंतर भ्रम झालाय. आम्ही दोघी हसून बेजार व्हायचो.

दिवसकार्य आटोपल्यावर पंधरा दिवसांनी, मंगळवारीच, नरसय्या दवाखान्यात आले. अक्कांचा एप्रन, चष्म्याची डबी, माझीच सहा पेनं, हे सगळं मी पिशवीत भरून ठेवलं होतं. पिशवी घेऊन ते रेंगाळले. मग विचारलं की अक्काचा वाढदिवस नक्की कधी असायचा, फोटोखाली लिहायचाय, घाटावर आलेला प्रत्येकजण वेगळी तारीख सांगत होता. मी तोंडाला पदर लावला. हसत होते का रडत होते, मलाच कळत नव्हतं. खरं म्हणजे खरी तारीख मलाही माहीत नव्हती. इतक्या वर्षांत मी त्यांना काय काय विचारलं नाही... जो प्रश्न त्या प्रत्येकीला विचारायच्या, तो त्यांना तरी कुणी कधी विचारला होता का? मी तरी विचारला नाही.

मग नरसय्या म्हणाले, “आमच्या बापाचा धोटा हितं हाय म्हनत होती. तेवढा मिळाला तर...” माझ्या तोंडून पटकन निघून गेलं की, शोधावा लागेल, कुठं ठेवलाय माहीत नाही. धोटा माझ्यापासून चार हातांवर दाराखाली होता. मी उठून साडीचा घोळ त्याच्यासमोर आणून उभी राहिले. पन्नाशीकडं झुकलेली बाई मी, लहान पोरीसारखी चोरी झाकत होते. नरसय्यांनी मान हलवली, पिशवी काखेत घेतली आणि वळले. त्यांची पाठ बघवली नाही मला. वाकले, धोटा ओढून काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो अंगठ्यानं सवयीनं चाचपला, रुमालात गुंडाळला, हात जोडले आणि गेले. धोटा त्यांचाच होता.

आणि दार मिटायला लागलं. सावकाश, करकरत, त्याची जुनी खोड. पलीकडं रांगेत बायका होत्या, मला पडद्याची कड, टेबलाचा कोपरा, मग नुसती एक फट दिसली. मी तिथंच उभी. तेवढ्यात फटीतून एक पाय आला. त्या पायानं चप्पल काढली आणि दाराखाली दाबून बसवली. दार थांबलं. रेणुका होती, गोळ्यांसाठी आलेली, कडेवर पोरगी. एक पाय अनवाणी ठेवून ती आत आली, वजनकाट्यावर चढली आणि म्हणाली, “हितं काय तरी पायजेच की, मॅडम.”

वजन लिहिलं. गोळ्या दिल्या. ती निघाली आणि दारापाशी थांबून पायाकडं बघायला लागली, तशा आम्ही दोघी हसलो. होटगीपर्यंत एका चपलेवर कशी जाणार? मी माझी डावी चप्पल काढून दाराखाली सारली आणि तिची तिला दिली. पुढची बाई दारातून इकडं आली, नवीनच होती, हातातला कागद छातीशी धरलेला. मी एका चपलेवर खुर्चीत बसले आणि तिला बसायला सांगितलं. “मूल पाहिजे का नको?” मी विचारलं. “दोन्ही उत्तरं चालतात.”